परतीची तार

जुन्या मोटारगाडीची वीज गेली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा ती कुठेच गेलेली नसते. बॅटरीत ती असते, अल्टरनेटर ती निर्माण करीत असतो, तारांच्या जुडग्यातून ती निघतेही; परंतु वाटेत कुठेतरी ती अडते. ही अडण्याची जागा शोधून काढणे वाटते तितके कठीण नाही, तरीही फार थोडे लोक त्या वाटेला जातात. बहुतेक जण बॅटरी बदलतात. तेवढ्याने भागले नाही तर कुणाला तरी दोष देतात.

हे त्रैमासिक हाती घेणाऱ्या वाचकाला मोटारदुरुस्तीवरील लेखाची अपेक्षा नसते, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु वसईच्या किनाऱ्यावरील आपल्या गावांत क्वचितच अशी आळी असेल, की जिथे एखाद्या ओट्यासमोर वयस्क मोटार, स्कूटर किंवा भाजीचा टेम्पो उभा नाही. मिठागरांवरून येणारा वारा त्यांना रात्रंदिवस चाटीत असतो. त्यांच्या कुरबुरींपायी घराघरांतून पैसा जातो आणि कधीकधी माणसांमाणसांत कटुताही येते. आमच्या धर्मग्रामात २०१९ साली ती तशी आली होती. एका गरीब मुलाची अब्रू एका तारेच्या टोकाशी अडकून पडली होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या धर्मग्रामाची गाडी म्हणजे १९९७ सालची प्रीमियर पद्मिनी. परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्या एका कुटुंबाने जाताना ती चर्चला दिली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीची ही भारतीय बहीण आकाराला आली. पद्मिनी हे नाव तिला १९७० च्या दशकात मिळाले. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने दोन-तीन पिढ्यांना बोरीबंदर आणि राणीचा बाग दाखविला; ऑक्टोबर २०२३ अखेर ती त्या सेवेतूनही निवृत्त झाली. आमची मात्र अजून चालते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तशी आम्ही ती वाढवीत आलो आहोत. लग्नकार्याला ती कुणी मागत नाही. रात्री-अपरात्री रुग्णाला दवाखान्यात पोहोचविणे हे तिचे मुख्य काम.

या गाडीतील विजेची रचना समजून घेण्यास विशेष शिक्षण लागत नाही. तीत संगणक नाही. एक बॅटरी, एक अल्टरनेटर, सेल्फ, काही दिवे, वायपर, भोंगा आणि त्यांना जोडणाऱ्या तारा एवढाच संसार. एकच गोष्ट ध्यानात धरावी लागते, ती ही की वीज नुसती जात नाही, ती परतही येते. आपल्या वाड्यांवर पूर्वी विहिरीवर रहाट असत, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चटकन उमजेल. रहाटाचे भरलेले लोटे वर येतात आणि रिकामे लोटे खाली जातात. माळ एकच असते. उतरणारी बाजू कुठे अडकली, तर चढणारी बाजूही त्याच क्षणी थांबते. वर पाणी का येत नाही म्हणून विहिरीकडे बोट दाखविण्यात अर्थ नसतो.

मोटारीत बॅटरीच्या धन टोकापासून प्रत्येक दिव्याकडे तार जाते, परंतु परतण्यासाठी वेगळी तार नसते. गाडीचा पत्रा हीच परतीची वाट. बॅटरीचे ऋण टोक एका जाड तारेने या पत्र्याला जोडलेले असते. आता एंजिन पाहा. ते हादऱ्यांपायी रबराच्या गाद्यांवर बसविलेले असते आणि रबरातून वीज वाहत नाही. म्हणून पत्र्यापासून गिअरबॉक्सपर्यंत तांब्याच्या बारीक तारा विणून केलेली एक चपटी पट्टी जोडतात. सेल्फ एंजिनाला जडलेला, अल्टरनेटरही एंजिनाला जडलेला. त्या दोघांचा सारा व्यवहार या वीतभर पट्टीतून चालतो. कारागीर तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. गाडीच्या पोटाखाली, चिखल उडतो त्या ठिकाणी ती असते आणि वर्षानुवर्षे तिच्याकडे कुणी पाहत नाही.

आमच्या गाडीची तक्रार २०१९ च्या जून महिन्यात सुरू झाली. सकाळी किल्ली फिरवावी, तर सेल्फ फिरेना. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने बॅटरी चार्ज करून दिली. तीन दिवसांनी पुन्हा तेच. 'बॅटरी गेली,' असे निदान झाले आणि नवी बॅटरी आली. आठवडा बरा गेला. नंतर तीही सकाळच्या प्रहरी मरगळलेली आढळू लागली. मग अल्टरनेटर उतरवून तपासून आणला, तो ठणठणीत निघाला. तेव्हा गॅरेजवाल्याने आपला अंतिम निर्णय दिला : 'रात्री कुणीतरी गाडीतला दिवा चालू ठेवतो.' त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. आमच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला, कारण रोज रात्री गाडीला कुलूप घालणारा एकच माणूस होता.

तो आमचा ड्रायव्हर. वय बावीस. वडील लहानपणीच वारलेले, आई दुसऱ्यांच्या वाडीत फुले खुडायला जाणारी. दहावीनंतर शिक्षण सोडून तो चर्चच्या आवारातील पडेल ते काम करी आणि परवाना मिळाल्यापासून गाडी चालवी. पगार बेताचा, परंतु त्यावर घर चालत होते.

जुलैमध्ये एका रात्री अकराच्या सुमारास आळीतील एका वृद्ध बाईंना श्वास घेणे कठीण झाले. त्यांच्या मुलाने आम्हांला उठविले आणि आम्ही सारे गाडीने निघालो. पाऊस धो धो कोसळत होता. थोड्याच वेळात समोरचे दिवे विझत्या निखाऱ्यासारखे लालसर दिसू लागले. वायपरचा हात काचेवर जेमतेम सरकत होता. मिठागराजवळच्या वळणावर रस्त्यावर पाणी साचले होते. त्या पाण्यात एंजिन बंद पडले. किल्ली फिरविली तेव्हा 'टक्' असा एक आवाज झाला आणि होते नव्हते ते दिवेही मालवले. मुलाने आणि आमच्या ड्रायव्हरने त्या माउलीला हातांच्या पाळण्यात घेऊन गुडघाभर पाण्यातून कोरड्या रस्त्यावर आणले. पाऊण तासाने भाजीचा एक टेम्पो आला, त्यातून त्या दवाखान्यात पोहोचल्या. देवदयेने त्या वाचल्या. परंतु तो पाऊण तास आम्ही विसरू शकत नाही.

पुढच्या रविवारी धर्मग्रामाच्या अर्थसमितीची बैठक झाली. दोन सूचना पुढे आल्या. पहिली, गाडी भंगारात काढावी. दुसरी, मुलाला कामावरून कमी करावे. सूचना करणारी मंडळी दुष्ट नव्हती. बाईंच्या प्राणांवर बेतले होते, लोक चिडले होते, आणि चिडलेल्या माणसाला कारणापेक्षा माणूस लवकर सापडतो. मुलाला बोलावले तेव्हा त्याने खाली मान घालून एवढेच सांगितले, 'फादर, मी दिवा बंद केला होता.' यावर कुणी काही बोलले नाही. त्या न बोलण्यात अविश्वास स्पष्ट होता.

सेमिनरीत तर्कशास्त्राच्या पहिल्याच वर्षी एक साधी गोष्ट शिकवितात : एकामागून दुसरी घटना घडली, एवढ्यावरून पहिली ही दुसरीचे कारण ठरत नाही. संध्याकाळी मुलगा गाडीला कुलूप घालतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. या दोन गोष्टी एकापाठोपाठ येतात, यापलीकडे त्यांच्यात संबंध आहे असे अजून कुणीही दाखविले नव्हते. आम्ही समितीला म्हणालो, 'मोजमाप झाल्याशिवाय गाडीविषयी ठराव नाही आणि मुलाविषयीही नाही. आठ दिवस द्या.' मंडळींनी ते मान्य केले.

शेजारच्या गावात एक वृद्ध वायरमन राहतात. ताडदेवच्या बाजूला टॅक्सींच्या एका गॅरेजात तीस वर्षे वायरिंग करून ते गावी परतलेले. त्यांना निरोप पाठविला. ते आले तेव्हा त्यांच्या पिशवीत पाने-पकडीखेरीज दोनच वस्तू होत्या : एक साधा मीटर, आणि होल्डरला दोन तारा जोडलेला मोटारीच्या हेडलाइटचा एक बल्ब. आम्हांला वाटले, ते आल्याबरोबर बॉनेट उघडतील. त्यांनी आधी ओट्यावर बसून चहा घेतला आणि मुलाला प्रश्न विचारले. वीज सगळ्या गाडीची जाते की काही भागाचीच? भर पावसातच जाते की उन्हातही? सेल्फ मारताना दिवे मंद होतात की तसेच राहतात? दिवे मंद होतात तेव्हा एंजिन जोराने फिरविले तर उजळतात का? पहिल्यांदा कुणीतरी त्या मुलाला साक्षीदार म्हणून विचारीत होते, आरोपी म्हणून नव्हे. त्याने सगळी उत्तरे नेमकी दिली. गाडी रोज हाताळणाऱ्याइतके तिच्याविषयी कुणालाच ठाऊक नसते.

मग काम सुरू झाले. बॅटरी आदल्या दिवशी बाहेर चार्ज करून आणली होती. मीटरने तिचा दाब १२.६ व्होल्ट दाखविला. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा तो असावा तेवढाच. आम्ही म्हटले, 'काका, म्हणजे बॅटरी चांगली.' ते हसले. 'फादर, मीटर वीज जवळजवळ खातच नाही. शंभर धाग्यांची तार तुटून एक धागा उरला, तरी मीटर बारा व्होल्टच सांगेल. ओझे टाकल्याशिवाय खरे कळत नाही.' त्यांनी तो हेडलाइटचा बल्ब बॅटरीच्या टोकांना लावला. तो लखलखीत पेटला आणि मीटरचा आकडा फारसा ढळला नाही. आता बॅटरी खरोखर चांगली ठरली.

यानंतर गाडीचे दिवे भिंतीवर सोडून त्यांनी मुलाला किल्ली फिरवायला सांगितले. 'टक्' आवाज झाला, सेल्फ फिरला नाही. परंतु भिंतीवरचा उजेड जवळपास तसाच राहिला. काकांनी मान हलविली. आमच्या वाचकांनी ही खूण लक्षात ठेवावी. सेल्फ मारताना दिवे पार मालवत असतील, तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिच्या टोकांवरचे जोड सैल आहेत. दिवे उजळच राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर बॅटरी निर्दोष असून सेल्फकडे जाणारी किंवा त्याच्याकडून परतणारी वाट अडलेली आहे. त्या पावसाळी रात्री बॅटरीच रिती झालेली असल्यामुळे ही खूण दिसली नव्हती.

तिसरी तपासणी मुलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. गाडीतले सर्व बंद करून, बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवून, तार आणि टोक यांच्यामध्ये मीटर जोडला. गाडी झोपलेली असताना वीज कुठे झिरपत असेल, तर ती येथे दिसते. मीटरचा आकडा शून्याशीच थांबला. रात्री काहीही झिरपत नव्हते. काका तेवढ्यावर थांबले नाहीत. गाडीतला टपाखालचा दिवा पाच वॉटचा. बारा व्होल्टवर तो अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज घेतो. दहा तास तो जळत राहिला, तरी चारेक अँपिअर-तास खर्च होतील. बॅटरीची साठवण चाळीसच्या आसपास. म्हणजे मुलाने तो दिवा रात्रभर खरोखरच चालू ठेवला असता, तरी बॅटरीचा दहावा हिस्सा गेला असता आणि सकाळी गाडी सुरू झाली असती. हेडलाइटची गोष्ट निराळी; ते दोन्ही मिळून दहाएक अँपिअर घेतात आणि चार तासांत बॅटरी रिती करतात. परंतु चर्चच्या आवारात चार तास हेडलाइट जळत राहतात आणि कुणालाही दिसत नाहीत, हे संभवत नव्हते. इतके दिवस कुणालाही हा हिशेब मांडावासा वाटला नव्हता, आणि तो चौथीतल्या मुलालाही यावा इतका सोपा होता.

तर मग बॅटरी उतरत का होती? काकांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी थेट एंजिनच्या लोखंडावर टेकविली. ही दोन्ही ठिकाणे विजेच्या दृष्टीने एकच असायला हवीत. सेल्फ फिरताना त्यांच्यामधला फरक फार तर अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतो. मुलाने किल्ली फिरविली. मीटरने आठ व्होल्टच्या आसपास आकडा दाखविला. बारापैकी आठ व्होल्ट त्या परतीच्या वाटेतच खर्च होत होते आणि सेल्फच्या वाट्याला चार उरत होते. 'आता चोकच्या तारेला हात लावून पाहा,' काका म्हणाले. तिचे वेष्टण चटका बसेल इतके तापले होते. मुख्य वाट बुजल्यामुळे वीज आडवाटेने, त्या बारीक तारेतून, परतू पाहत होती.

एका जाड जंप केबलने त्यांनी बॅटरीचे ऋण टोक सरळ एंजिनला जोडले. किल्ली फिरविताच सेल्फ गर्रकन फिरला आणि गाडी सुरू झाली. केबल काढून घेतली, हेडलाइट आणि वायपर लावले आणि शेवटची दोन मापे घेतली. अल्टरनेटरच्या टोकाशी, त्याच्या स्वतःच्या धातूच्या अंगाशी तुलना करता, १४.२ व्होल्ट. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये मात्र १२.२. दोन व्होल्ट वाटेत हरवत होते. टाकी भरायची तर नळ टाकीहून उंच असावा लागतो. भरलेल्या बॅटरीचाच दाब १२.६, तर १२.२ ने ती कशी भरणार? गाडी रोज धावत होती, अल्टरनेटर रोज राबत होता आणि बॅटरीला त्यातले जवळजवळ काहीच मिळत नव्हते. नवी बॅटरी आठवडाभर टिकली ती दुकानातून भरून आणलेल्या शिदोरीवर. पावसाळ्यात रात्री दिवे आणि वायपर एकदम लागत, म्हणून तक्रारही पावसाळ्यातच उघडी पडली. सगळी कोडी एकाच उत्तराने सुटली.

या साऱ्याच्या मुळाशी जो नियम आहे, तो एका शाळामास्तरने शोधला. जर्मनीतील गेओर्ग ओहम हे १७८९ साली जन्मलेले गृहस्थ कोलोन शहरातील, पूर्वी येशूसंघीयांची असलेल्या एका विद्यालयात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. विजेचा दाब, तिचा प्रवाह आणि वाटेतील रोध यांचे नाते त्यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडले. मायदेशी त्यांची बराच काळ उपेक्षा झाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. त्यांचा नियम सांगतो की वाटेत वाया जाणारा दाब हा रोध आणि प्रवाह यांच्या गुणाकाराइतका असतो. आमच्या पट्टीतील रोध होता ओहमच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. पाच वॉटच्या दिव्याचा अर्धा अँपिअर त्यातून गेला तर नुकसान नगण्य. हेडलाइट आणि वायपर यांचे पंधराएक अँपिअर गेले तर दोन व्होल्ट. सेल्फचे साठ अँपिअर जाऊ लागले की आठ. रोध तोच, परंतु ओझे जितके मोठे तितका तो जास्त बोचतो. म्हणूनच दुपारच्या उन्हात, रिकाम्या रस्त्यावर ही गाडी निरोगी वाटे.

पट्टी काढली. वरून ती काळी-हिरवी पण अखंड होती. टोकाला जिथे ती थिंबलमध्ये दाबलेली असते, तिथे बोट लावताच तांब्याचा भुगा झाला. मोजके धागे शाबूत होते. कारखान्याचा यात काही दोष नव्हता. बावीस वर्षे खारा वारा आणि पावसाळी पाणी सोसल्यावर तांब्याने एवढेही तग धरावे, याचेच नवल. नवी पट्टी आणि दोन बोल्ट मिळून दोनशे रुपयांच्या आत काम झाले. काकांनी बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, बोल्ट घट्ट आवळले आणि मगच वरून ग्रीस लावले. पुन्हा मापे घेतली. दिवे-वायपर चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट. परतीच्या वाटेत एका व्होल्टचा दहावा भागही नाही.

ही सारी मापे काकांनी जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहून दिली होती. समितीच्या बैठकीत आम्ही ती वाचून दाखविली. त्यावर भाष्य केले नाही. मुलाला कमी करण्याची सूचना ज्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी केली होती, ते उठून बाहेर गेले. मुलगा आवारात पाने झाडीत होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, 'पोरा, आम्ही तुझ्यावर अन्याय केला.' मुलाला काय बोलावे ते सुचेना. खराटा हातात धरून तो उभा राहिला. त्याची आई त्या रविवारी बऱ्याच दिवसांनी पुढच्या बाकावर बसलेली आम्ही पाहिली.

आपल्या भाषेत 'दोष देणे' आणि 'दोष शोधणे' असे दोन प्रयोग आहेत आणि ते किती सहज एकमेकांच्या जागी बसतात! दोष देण्यास वेळ लागत नाही. जो जवळ असतो, दुबळा असतो, त्याच्यावर तो जाऊन बसतो. शोधण्यास गाडीखाली शिरावे लागते. घराचा हिशेब जुळत नाही, दुकानात तूट येते, पंप पाणी ओढीत नाही, अशा प्रसंगी कामवाली, नोकर, धाकटी सून यांच्याकडे नजरा वळतात. त्याआधी एक माप घेऊन पाहावे, एवढीच आमची विनंती.

आता ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. वीज गेली की आधी सगळी गेली की थोडी, ते पाहावे. एकच दिवा किंवा भोंगा गेला असेल, तर त्याचा फ्यूज आणि त्याचे स्वतःचे अर्थिंग तपासावे. फियाट वंशाच्या गाड्यांतील निमुळते फ्यूज स्प्रिंगच्या पात्यांत अडकविलेले असतात; फ्यूज शाबूत असूनही पाती गंजली तर वीज जात नाही, म्हणून ती घासून स्वच्छ करावीत. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तार कधीही घालू नये. पुढे तारांचे जुडगे पेटते. सगळीच वीज गेली, तर बॅटरीची टोके, पत्र्याकडे जाणारी जाड तार आणि मग एंजिनची पट्टी या क्रमाने जावे. नवा भाग विकत घेण्यापूर्वी सेल्फ मारताना आणि दिवे लावून मापे घ्यावीत. बॅटरीवर काम करताना हातातली अंगठी काढून ठेवावी. ऋण तार आधी सोडवावी आणि शेवटी जोडावी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळपास ठिणगी नको. आणि एंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहण्याची रस्त्यावरची परीक्षा कुणी करू लागला, तर त्याला थांबवावे. डायनामोच्या काळातील ती युक्ती अल्टरनेटरचे डायोड जाळू शकते.

मुंबईच्या टॅक्सी गेल्यापासून या गाडीचे सुटे भाग मिळणे अवघड होत चालले आहे आणि आमची पद्मिनीही कायमची टिकणार नाही. परंतु ती जाईल तेव्हा खऱ्या कारणाने जाईल. दर वर्षी मे महिन्यात, घरांची कौले परतविली जातात त्या सुमारास, तिची अर्थिंगची पट्टी सोडवून पाहिली जाते. ते काम आता तो मुलगाच करतो. पुढे दोन वर्षे रविवारी दुपारी तो काकांकडे जात राहिला आणि हल्ली आळीतले टेम्पोवाले त्याला वायरमन म्हणून हाक मारतात. घेतलेली मापे तो जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर तारखेसह लिहितो आणि तो कागद गाडीच्या कप्प्यात, नोंदणीच्या कागदांबरोबर ठेवतो.